शेली म्हंजे सहा

1972 चा दुष्काळ. पारोळा तालुक्यातलं आमचं खेडं. विहिरीत गाळ, रानात धूळ, दावणीला एकच बैल उरलेला. त्याचं नाव सर्ज्या. आबांनी तो धुळ्याच्या गुरांच्या बाजारात न्यायचं ठरवलं. मी नऊ वर्षांचा. बैलामागं चालायला कुणीतरी हवं म्हणून मला बरोबर घेतलं.

त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहत होती. आम्हाला ते ठाऊक नव्हतं. आम्हाला एवढंच ठाऊक होतं की बैलाला घालायला कडबा नाही आणि घरात खायला दाणा नाही.

बाजारात एका दलालानं सर्ज्याचे दात बघितले. शेपटी पिरगाळली. मग दुसऱ्या एकाला बोलावलं. दोघांनी खांद्यावरच्या उपरण्याखाली हात घातले. उपरण्यात काहीतरी वळवळत होतं, जसं पोत्यात मांजर. आबा बघत होते. मीही बघत होतो. मग पहिला दलाल मान वळवून हळूच म्हणाला, "शेली." दुसऱ्यानं मान हलवली. पहिला आमच्याकडं वळला आन् म्हणाला, "चारशे. द्यायचा तर दे, नाहीतर घेऊन जा परत."

परत न्यायचा कुठं? आबांनी दिला.

येताना मी विचारलं, "आबा, शेली म्हंजे काय शे?"

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेळीच व्हई रे भो. दुसरा कोन्ही शेळी इकी राह्यना व्हई."

आमची बोली अहिराणी. काळ्याला आम्ही काया म्हणतो, डोळ्याला डोया. 'ळ' आमच्या जिभेला फारसा माहीत नाही. बाजारातल्या मोठ्या लोकांच्या तोंडात शेळीची शेली होत असेल, असं आबांना वाटलं. मलाही ते पटलं. आठ वर्षं मला ते पटलेलं होतं.

1980 साली मी जळगावात एका आडत दुकानात लागलो. झाडलोट करायची, पोती उचलायची, काट्यावर माल चढवायचा. दुकानाचं नाव सांगत नाही. तिथं एक म्हातारा हमाल होता. त्याची उभी हयात पोत्यांखाली गेलेली. दुपारी मालक जेवायला गेला की तो पोत्याला टेकून बिडी ओढायचा. एक दिवस तोलणारा आणि मालक माझ्यासमोर काहीतरी बोलले, त्यात पुन्हा तो शब्द आला. शेली. मी म्हाताऱ्याला विचारलं, इथं शेळी कुठून आली?

म्हातारा खोकला येईस्तोवर हसला. म्हणाला, "शेळी नही रे भाऊ. शेली म्हंजे सहा."

मी पोत्यावर बसलो. सहा. म्हंजे सहाशे. गिऱ्हाइकानं सर्ज्याचे सहाशे दिले होते. आबांच्या हातात चारशे आले. दोनशे रुपये उपरण्याखाली राहिले. आमचं सगळं घर त्या दुष्काळात दोनशे रुपयांत किती दिवस जगलं असतं याचा हिशोब मी तिथंच बोटांवर केला. तो हिशोब मी इथं लिहीत नाही.

म्हाताऱ्यानं मग मला एकेक शब्द दिला. केवली म्हंजे एक. अवारू दोन. उधानू तीन. पोकू चार. मुळू पाच. शेली सहा. पवित्र सात. मंगी आठ. अंगुळू दहा. रुपयाला भुरका. या भाषेला नंदभाषा म्हणतात. दलाल, सराफ, कापडवाले यांनी ती आपसात वापरायला म्हणून मुद्दाम बनवली. आईच्या दुधाबरोबर ती कुणाला येत नाही. गिऱ्हाईक समोर उभं असताना त्याला कळू न देता त्याच्याबद्दलच बोलता यावं, एवढंच तिचं काम. उपरण्याखालची बोटं हा तिचाच मुका भाऊ. जेवढी बोटं धरली तेवढा आकडा. शेकडा धरायचा की दहाचा, ते ज्याला कळायचं त्याला कळतं.

"कोनले सांगू नको," म्हातारा म्हणाला. "मालकले समजनं तर तूबी गया, मीबी गया."

मी कुणाला सांगितलं नाही. त्याचीच गोष्ट पुढं आहे.

पुढं मी धुळ्याला कॉलेजात गेलो. रात्री काम, दिवसा वर्ग. शब्दांचं वेड डोक्यात शिरलेलं. धुळं हे या वेडासाठी बरं गाव. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 साली याच गावात वारले. त्यांनी आयुष्यभर कागदपत्रं गोळा केली आणि मराठी शब्दांची मुळं खणली. त्यांचा धातुकोश आणि व्युत्पत्तिकोश त्यांच्या मागं निघाले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे. मला वाटलं, जो माणूस शब्दाचं मूळ पार संस्कृतापर्यंत खणतो, त्याच्या गावात मला 'शेली'चं मूळ सापडेल.

मूळ सापडलं नाही. मोल्सवर्थ साहेबाच्या कोशात मात्र हे शब्द सापडले. त्याची दुसरी आवृत्ती 1857 ची. म्हंजे बघा. आबांना जो शब्द 1972 साली कळला नाही, तो एका गोऱ्या साहेबानं एकशे पंधरा वर्षं आधी छापून ठेवला होता. साहेबाला सांगणारी माणसं होती. आबांना सांगणारं कुणी नव्हतं.

मी स्वतःच डोकं चालवलं. केवलीत 'केवल' दिसतो, म्हंजे एकटा, एकच. अकराला एकडू म्हणतात, त्यात 'एक' उघडाच बसलाय. पण मुळूचा पाचाशी काय संबंध? मंगीचा आठाशी? आणि सात म्हंजे पवित्र का? पवित्र शब्द तर देवळातला. लबाडीच्या आकड्याला त्यांनी तो कसा दिला? खूप दिवस मी हे घोळवलं. मग लक्षात आलं की मुळाचा माग लागू नये म्हणूनच हे शब्द असे घडवलेत. ज्या शब्दाचं मूळ कानाला कळतं, त्याचा अर्थही कधीतरी कळतो. 'शेली' ऐकून आबांना शेळी आठवली. बनवणाऱ्याला तेच पाहिजे होतं.

या भाषेत एक अभंगसुद्धा आहे. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर, त्यांच्या नावावर तो सांगतात. विसोबांना चाटीही म्हणत. चाटी म्हंजे कापडाचा व्यापारी. त्या अभंगात शंकराचं वर्णन आहे. पाच तोंडांना मुळू, तीन डोळ्यांना उधानू, दहा हातांना अंगुळू. मला तो वाचून आधी गंमत वाटली. व्यापाऱ्यानं दुकानातली कुलूपबंद भाषा देवापुढं उघडी केली, हे चांगलंच. मग आठवलं की विसोबांचे शिष्य नामदेव आणि नामदेवांना गुरू मानणारा आपला चोखोबा. विसोबांची भाषा देवाच्या पाच तोंडांपर्यंत पोचली. चोखोबा देवळाच्या पायरीच्या आत पोचला नाही. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर पडून तो मेला, असं सांगतात.

आता दुसरी बाजू. जळगावात माझा एक कंजारभाट दोस्त होता. घरात ते लोक आपल्या बोलीत बोलतात. एकदा आम्ही तिघं रस्त्यानं चाललो होतो. तो आणि त्याचा भाऊ आपल्या बोलीत काहीतरी घरगुती बोलत होते, आई आजारी आहे असलं काही. एका शिपायानं थांबवलं. "काय रे, चोरांच्या भाषेत काय ठरवताय?" आणि कानफटात मारली. माझ्या देखत.

इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. 1911 नंतर तो आपल्या मुंबई इलाख्यातही लागू झाला. जन्मतःच गुन्हेगार. हजेरी, कुंपण, वसाहत. ग्रियर्सन साहेबानं भाषांची पाहणी केली, तिच्या 1922 च्या एका खंडात कंजारी, कोल्हाटी, गारुडी या बोल्या घातल्या. 1952 साली कायदा रद्द झाला. त्या शिपायाचा हात मात्र रद्द झालेला नव्हता.

माझा सवाल साधा आहे. कंजारभाट आईच्या आजाराबद्दल आपल्या बोलीत बोलला, तर ती चोरांची भाषा. दलाल उपरण्याखाली दोनशे रुपये लपवतो, तर ती व्यापाराची कला. त्याला कुठल्या शिपायानं कधी थांबवलंय? त्याच्यासाठी कुठली वसाहत बांधली? भाषा दोघांचीही आपसातली. एकाची घर सांभाळण्यासाठी, दुसऱ्याची घर बुडवण्यासाठी. आणि गुन्हेगार कोण, हे ज्याच्या हातात वही आहे तो ठरवतो.

म्हणून शब्दाचा अर्थ लावण्याचं काम जोतीराव फुल्यांनी पंडितांवर सोडलं नाही. 1873 च्या गुलामगिरीत त्यांनी महार म्हंजे महाअरी, मोठा शत्रू, असा अर्थ लावला. भाषाशास्त्राचे प्राध्यापक यावर मान हलवतात. हलवू द्या. ज्याला हजार वर्षं शिवी म्हणून हाक मारली, त्याला जोतीरावांनी सांगितलं की तुझं नाव लढणाऱ्याचं आहे. बाबासाहेबांनी 1948 च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात आपल्या पूर्वजांना फुटून विखुरलेली माणसं म्हटलं. 'दलित' हा शब्दही 'दल्' या धातूचा, फुटणं, भंगणं. हे सगळे अर्थ आपण उघड्यावर, दिवसाढवळ्या लावले. ज्याला चूक वाटेल त्यानं समोर येऊन चूक म्हणावं. उपरणं आपल्याकडं नाही.

एवढं सगळं मी तोंड वर करून लिहिलं. आता ते सांगतो, जे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

1981 सालची गोष्ट. भुईमूग निघाला होता. आमच्या वस्तीतली एक मावशी सरवा वेचून शेंगांचं गाठोडं घेऊन दुकानात आली. सरवा म्हंजे काढणी झाल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा. दिवसभर वाकून, नखानं माती उकरून एकेक वेचायची. मी गाठोडं काट्यावर ठेवलं. तोलणाऱ्यानं दांडीवरचं वजन सरकवलं आणि मालकाकडं न बघता म्हणाला, "मंगी."

मालकानं वहीत लिहिलं, "सहा किलो."

मावशीला काटा वाचता येत नव्हता. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या वस्तीतला, शिकलेला पोरगा. म्हणाली, "भाऊ, किती भरनं रे?"

मी म्हणालो, "सहा, मावशी."

ती बरं म्हणाली. पैसे पदराच्या गाठीत बांधले आणि गेली. मालक माझ्याकडं बघून किंचित हसला. महिनाअखेरीला पगारावर पाच रुपये जास्त दिले. पोऱ्या भरवशाचा आहे म्हणाला. मला नंदभाषा येते हे त्याला कधी कळलं ते मला कळलं नाही. ते पाच रुपये मी घेतले. आबांचे दोनशे ज्या उपरण्याखाली गेले, त्याच उपरण्याखाली त्या दिवशी माझाही हात होता.

31 जुलै 1937 ला बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. दर वर्षी त्या दिवशी आपली माणसं तिथं जमतात. पावसात, चिखलात, पोरंबाळं घेऊन. नोकरी सोडून खूप वर्षं झाल्यावर तिथं मला मावशी भेटली. पार वाकलेली, हातात निळा झेंडा घेतलेला नातू. मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं. आठ किलो होतं, मावशी. मी सहा सांगितलं.

ती म्हणाली, "माले तव्हयच समजनं व्हतं. तुन्हं तोंड दखीसन."

मग बोलली का नाहीस, मी विचारलं.

"तुन्ही नोकरी गयी ऱ्हाती."

तिनं मला नातवासाठी शेवचिवडा आणायला पाठवलं. मी आणला. पैसे देऊ लागली, मी घेतले नाहीत. त्यावर ती रागावली. शेवटी घेतले.

दोस्तहो, 1963 च्या बाजार समिती कायद्यानं लिलाव उघड्यावर करायचा असं ठरलं. उपरण्याखालचे हात बरेच कमी झाले. नंदभाषा बोलणारी जुनी माणसं आता थोडी उरलीत. पण आपल्यासमोर उभं राहून आपल्याबद्दल आपल्याला न कळेल असं बोलण्याची रीत कुठं गेली? ती कचेरीत आहे, कोर्टात आहे, बँकेच्या अर्जातल्या बारीक अक्षरात आहे. तुमच्या गावच्या बाजारात, कारखान्यात, तलाठ्याकडं असे जे शब्द ऐकाल, ते अर्थासकट लिहून पाठवा. रात्रीच्या वर्गात फळ्यावर लिहा. मी आमच्या वर्गात सुरुवात केलीय. पहिल्या ओळीत लिहिलं, शेली म्हंजे सहा. दुसऱ्या ओळीत, मंगी म्हंजे आठ.

जयभीम.