बर्फावरची फटफटी

साताऱ्याच्या उन्हात वाढलेल्या माझ्यासारख्या बाईनं बर्फ पाहिलेला, तो रसवंतीगृहात नाहीतर फ्रीजच्या कप्प्यात! त्यामुळे कॅनडातल्या माँट्रियलहून लेकीचा फोन आला, "आई, या खेपेला तुम्ही दोघं फेब्रुवारीतच या, खरा बर्फ दाखवते," तेव्हा मी बॅगेत भाजणी, मेतकुटाबरोबर ह्यांची माकडटोपीही आठवणीनं भरली. पण बर्फावर फटफटीच्या मागे बसायची वेळ येईल, हे काही स्वप्नातसुद्धा नव्हतं.

माँट्रियलहून पूर्वेला मोटारीनं दीडएक तासावर वालकूर म्हणून छोटंसं गाव आहे. जवळच एक लाकडी घर जावईबापूंनी दोन दिवसांसाठी घेतलं होतं. पहिल्या दिवशी गावातलं संग्रहालय पाहिलं. जोझेफ-आर्मां बॉम्बार्डिए या कारागिराचं मूळचं गॅरेज तिथं जपून ठेवलं आहे. त्यांची हकीगत वाचताना माझे पाय तिथंच खिळले. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पेरिटोनायटिसनं, म्हणजे पोटातल्या आवरणाला सूज येऊन, आजारी पडला. रस्ते बर्फानं बुजलेले, दवाखाना लांब. मूल दगावलं. बर्फावरून चालणाऱ्या गाडीचे प्रयोग ते पोरवयापासून करत होतेच. आता त्यांनी ध्यासच घेतला. १९३७ साली पेटंट मिळालं आणि सात माणसं नेणारी, पट्ट्यांवर धावणारी गाडी तयार झाली. पुढं असल्या गाड्यांतून डॉक्टर गेले, टपाल गेलं, मुलं शाळेत गेली. १९५९ मध्ये आली एकादोघांची छोटी गाडी, स्की-डू. पुढं दोन पट्ट्या घसरायला, मागं रबरी पट्टा ढकलायला. तीच आजची स्नोमोबाइल.

दुसऱ्या दिवशी आम्ही अशा दोन गाड्या भाड्यानं घेतल्या. ह्यांनी गुडघ्यांचं निमित्त सांगून शेकोटीजवळची खुर्ची पकडली. दुकानातल्या बाई मोठ्या खमक्या. चौदा वर्षांच्या नातवानं "मी चालवणार," म्हणताच त्यांनी मान हलवली. तिथं सोळा वर्षांखाली चालवायला कायद्यानं बंदी आहे. स्वारी फुरंगटून बापामागे बसली. मी लेकीच्या मागे.

बाईंनी शिकवणी घेतली, ती अशी. उजव्या अंगठ्याखालची कळ दाबली की गाडी पळते, डाव्या हातात ब्रेक. एक दोरी कोटाला अडकवायची. चालवणारा पडला की ती निसटते आणि इंजिन आपोआप बंद होतं. हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं. मफलरचं टोक बाहेर लोंबता कामा नये. मला लगेच स्कूटरच्या चाकात अडकणारी ओढणी आठवली. अंगाला सुती कपडा नको. ओला झाला की गारठा धरून ठेवतो, लोकर बरी. पाय फळीवरच ठेवायचे, तोल गेला तरी बाहेर टेकायचे नाहीत. वळणावर मागच्यानंही आतल्या बाजूला झुकायचं. वाटेच्या उजव्या बाजूनं जायचं. दारूचा थेंब नको. आणि डावा हात सरळ वर केला, की थांबा!

निघण्यापूर्वी कुठल्या वाटेनं जाणार नि किती वाजता परतणार, ते कागदावर लिहून आम्ही ह्यांच्या हाती दिलं.

काय सांगू मैत्रिणींनो! सूचिपर्णी झाडांमधून ती पांढरी वाट, फांद्यांवरून भुरभुरणारा बर्फ. पहिली दहा मिनिटं मी लेकीला घट्ट धरून रामरक्षा म्हणत होते, मग हळूच डोळे उघडले.

साडेचारच्या सुमाराला परतताना एक गोठलेलं तळं लागलं. खुणांची वाट तळ्याला वळसा घालून जात होती. पलीकडं आमच्या घराचा दिवा दिसत होता. जावईबापूंनी गाडी थांबवली, तळ्याकडं हँडल वळवलं नि मागं पाहून म्हणाले, "सरळ जाऊ या, अंधाराच्या आत पोचू." नातू तर उड्याच मारायला लागला. लेक गप्प.

बाईंचे शब्द माझ्या कानात होते. माणसाला चालायला निदान ४ इंच बर्फ लागतो, या गाडीला ५ ते ७, तोही नवा, स्वच्छ, कठीण. दुधाळ पांढरा असेल तर दुप्पट. वर हिमाची दुलई असली की खालचा बर्फ सावकाश धरतो, आणि ओढ्याच्या तोंडाशी, पुलाखाली तो पातळच असतो.

पंधरा वर्षांत जावयाचा शब्द मी कधी खाली पडू दिला नव्हता. तोंडानं बोलायचा धीर होईना. मी डावा हात सरळ वर केला.

"आई, घाबरू नका. ते बघा, गाड्यांचे माग आहेत."

"माग गेल्याचे दिसतात," मी म्हटलं. "पलीकडे पोचल्याचे कुणाला दिसतात? काल आपण एका बापाची गोष्ट ऐकलीय. मुलासाठीच केलेली ही गाडी. हिच्यावरून आपलं मूल धोक्यात घालायचं का?"

ते क्षणभर बोलले नाहीत. मग हँडल वाटेकडं वळलं. अंधारात दिव्याचा उजेड पडेल तेवढ्यातच थांबता यावं, म्हणून गाड्या अगदी हळू घेतल्या. पोचायला पाऊण तास उशीर झाला. हे कागद हातात घेऊन दारातच उभे होते.

सकाळी गाड्या परत करताना जावयांनीच तळ्याचा विषय काढला. बाई म्हणाल्या, त्या कोपऱ्यात ओढा येऊन मिळतो. मी स्वतः तिथं कधी गाडी घालत नाही. बर्फ फुटून कुणी पडलंच, तर ज्या बाजूनं आलो तिकडंच तोंड करायचं, कारण तिथल्या बर्फानं आपला भार पेललेला असतो. हात बर्फावर टाकून, पाय झाडत वर सरकायचं, आणि उभं न राहता लोळत दूर जायचं. नातू कान देऊन ऐकत होता.

आपल्यापैकी कितीजणी गुलमर्गला जातात, तिथंही या गाड्या भाड्यानं मिळतात. फोटोच्या घाईत हेल्मेट मागायला विसरू नका, पदर-ओढणी आत खोचा, एका गाडीवर तिघं-चौघं बसू नका. आणि मन नको म्हणालं, तर लोक काय म्हणतील याचा विचार न करता हात वर करा.

त्या संध्याकाळी जावईबापू स्वयंपाकघरात आले नि म्हणाले, "आई, आज चहा मी करतो." आलं जरा जास्तच पडलं होतं. मी मात्र दोन कप प्यायले.