चढ, पट्टा आणि वजन

८ फेब्रुवारी २०२५, रिव्हलस्टोक
दिवसभर बोल्डर माउंटनवर होतो. मित्राची स्नोमोबाइल स्की-डू समिट, माझी पोलारिस आरएमके. दोन्ही साडेआठशे सीसी वर्गातल्या, टू-स्ट्रोक. त्याच्या गाडीला टर्बो आहे, माझ्या नाही. खाली गावात, ४८० मीटरवर, हा फरक जाणवतही नाही. हवा विरळ होत जाते तशी साध्या इंजिनाची ताकद दर तीनशे मीटरला साधारण तीन टक्क्यांनी घटते; दोन हजार मीटरला पोचलो की जवळपास पाचवा हिस्सा गेलेला असतो. स्की-डूने २०२० च्या मॉडेलपासून टू-स्ट्रोकला कारखान्यातच टर्बो बसवून १६५ हॉर्सपॉवर आठ हजार फुटांपर्यंत टिकवली. पोलारिसने २०२२ च्या मॉडेलात तोच रस्ता धरला. आज मोठ्या चढावर मित्र सरळ वर गेला आणि मला अर्ध्यातून वळावं लागलं.

९ फेब्रुवारी
आज एकाची आर्क्टिक कॅट चालवायला मिळाली, ६०० सीसीची, अल्फा वन सस्पेन्शनवाली. इतर गाड्यांत फिरत्या पट्ट्याच्या आत दोन समांतर दांडे असतात, हिच्यात मधोमध एकच. त्यामुळे गाडी पटकन कुशीवर येते. उतार आडवा कापताना ते फार मोलाचं. एक पाय चढाकडच्या पायरीवर, अंगाचं वजन तिकडेच, आणि हँडल मात्र उलट, उताराकडे वळवायचं. मग चढाकडची कड बर्फात रुतते आणि गाडी रेषा सोडत नाही. माझ्या गाडीला हे करायला लावताना खांदे भरून येतात. ही नुसत्या गुडघ्याच्या रेट्याने ऐकत होती. घट्ट दाबलेल्या वाटेवर थोडी डुलते, हे खरं. पण ताज्या बर्फात, झाडांमधून, तिच्यासारखी दुसरी नाही. ताकद कमी होती तरी तिची उणीव फक्त उघड्या चढावर भासली.

२ मार्च, कॅलगरी
पुढच्या मोसमाची मॉडेलं जाहीर होताहेत, आगाऊ नोंदणीची घाई सुरू आहे. यामाहा मात्र २०२५ च्या मॉडेलनंतर स्नोमोबाइलच्या धंद्यातून बाहेर पडतेय. मला वाईट वाटतं; करणारे कमी झाले की नवं काही करून पाहायची धडपडही कमी होते. विजेवरच्या पहाडी गाडीची आशा मॉन्ट्रियलच्या टायगा कंपनीने दाखवली होती, गेल्या वर्षी तिला देणेकऱ्यांपासून संरक्षण मागावं लागलं. विजेच्या मोटरला हवा लागत नाही, उंचीवर ताकद घटायचा प्रश्नच नाही. घोडं अडतं ते बॅटरीच्या वजनापाशी, आणि थंडीत तिचा जोर उतरतो त्यापाशी. तरी ही कल्पना मरू नये असं मनापासून वाटतं.

१३ मार्च
बोल्डरवरच्या हिमस्खलनाला आज पंधरा वर्षं झाली. २०१० च्या त्या शनिवारी चढावर गाड्यांची चढाओढ चालली होती, पाहायला गर्दी होती. दोघे गेले, तीसहून अधिक जखमी झाले. तेव्हा टू-स्ट्रोकला कारखान्यातून टर्बो येत नव्हते. आज नवखा माणूसही पैसे मोजून अशा उतारावर पोचतो, जिथे पूर्वी गाडीच त्याला थांबवायची. बीकन, प्रोब आणि फावडं पाठीवर हवंच. पण निघण्याआधी अ‍ॅव्हलांच कॅनडाचं त्या दिवसाचं पत्रक वाचायची सवय नसेल, तर त्या हॉर्सपॉवरचं करायचं काय?

२७ एप्रिल
मालक टेक्सट्रॉनने आर्क्टिक कॅट कंपनी विकली. डिसेंबरात उत्पादन थांबवण्याची बातमी आल्यापासून धाकधूक होती. आता नव्या मालकांच्या हातात तिचा थीफ रिव्हर फॉल्सचा कारखाना पुन्हा धडधडावा. मित्र म्हणतो, पुढची गाडी दोनशे हॉर्सपॉवरची हवी. मला तसं वाटत नाही. माझी गाडी इंधन भरल्यावर अडीचशे किलोंच्या घरात जाते, आणि खोल बर्फात रुतली की ती उपसून वळवताना प्रत्येक किलो कमरेला कळतो. मला ६०० चंच इंजिन हवं, त्यावर उंचीपुरता छोटा टर्बो, १५४ इंची पट्टा, आणि वजनात निदान वीस किलोंची घट. अशी गाडी कोणीही काढो, नोंदणीच्या पहिल्याच दिवशी मी पैसे भरीन.