तिसरी चिठ्ठी

पेठ तालुक्यात पावसाळा लागला की आश्रमशाळेचं मैदान मुलांचं राहत नाही. सावळघाट धुक्यात जातो, वीज येते-जाते, संध्याकाळचा अभ्यास उरकलेला असतो आणि जेवणाच्या घंटेला अवकाश असतो. या वेळेत मी मुलांना वर्गात गोल बसवतो आणि चिठ्ठ्या वाटतो. तीन चिठ्ठ्यांवर ‘कोल्हा’, एकीवर ‘राखणदार’, एकीवर ‘माग काढणारा’, बाकीच्यांवर ‘गावकरी’. ‘रात्र झाली’ म्हटलं की सगळे डोळे मिटतात. फक्त कोल्हे डोळे उघडतात आणि चकार शब्द न काढता, बोटाच्या खुणेनं कुणाची कोंबडी उचलायची ते ठरवतात. उजाडलं की ज्याची कोंबडी गेली तो खेळातून बाद. मग गाव बसतं. सापळा कुणाच्या दारात लावायचा यावर वाद होतो, मतं पडतात, आणि सापळ्यात आला तोही बाद. कोल्हे संपले तर गाव जिंकलं. कोल्ह्यांइतकेच गावकरी उरले तर कोल्हे जिंकले.

खेळ मूळचा रशियातला. 1986च्या सुमाराला मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री दाविदोव यानं तो ‘माफिया’ या नावानं रचला. 1997मध्ये अमेरिकेत अँड्र्यू प्लॉटकिननं माफियाच्या जागी माणसाच्या रूपातले लांडगे आणले, आणि टाळेबंदीच्या 2020 साली ‘अमंग अस’मुळे तो आपल्या घराघरातल्या मोबाइलवर पोहोचला. आपल्याकडचा राजा-राणी-चोर-शिपाई याच कुळातला वाटतो खरा, पण तिथे एका अंदाजात निकाल लागतो. माफियाचा जीव वादात आहे. बोलल्याशिवाय तो खेळताच येत नाही, आणि डोंगरातल्या पाड्यांवरून आलेल्या, वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलांसाठी मला तो म्हणूनच मोलाचा वाटतो.

पण दोनच पक्ष असले की या खेळात एक खोट राहते. जो वेगळा वागतो, तोच कोल्हा ठरतो. कुणी अडखळलं, धर सापळ्यात. कुणी जास्त हसलं, धर सापळ्यात. कुणी काहीच बोललं नाही, तर त्याला आधी धर. नवीन आलेली, घरी कोकणी बोलणारी, प्रमाण मराठीत शब्द शोधणारी मुलं पहिल्याच दिवशी बाद होतात. गाव पुरावा बघत नाही, चेहरा बघतं. मी कितीही समजावलं तरी हे बदललं नाही, कारण खेळाचा नियमच तसं वागायला शिकवत होता.

ते बदललं तिसऱ्या चिठ्ठीनं. तिच्यावर मी ‘सोंगाड्या’ असं लिहितो. हा ना गावाचा, ना कोल्ह्यांचा. त्याची कोंबडी कोल्ह्यांनी नेली तर तो हरतो. गावानं त्याला कोल्हा समजून सापळ्यात धरलं, तरच तो जिंकतो. आमच्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी बोहाडा पाहिलेला असतो. संबळ-सनईच्या तालावर रात्रभर मुखवटे नाचतात आणि मुखवट्याआड आपलाच काका असतो, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक असतं. इंग्रजी संचांमध्ये हीच भूमिका जीवाला कंटाळलेल्या, कातडी कमावणाऱ्या माणसाची आहे. आपल्याकडे त्या धंद्याला जातीचा शिक्का बसलेला आहे. अशा धंद्याला तसा रंग देणं मला पटत नाही, आणि मुलांपुढे मरणाची इच्छा हसण्यावारी नेणं तर मुळीच नाही. सोंगाड्या आपल्या मातीतला आहे आणि त्याला मरायचं नसतं, फसवायचं असतं.

सोंगाड्याची चिठ्ठी आली की बहुतेक मुलं अतिरेक करतात. कोल्ह्यासारखं ओरडतात, स्वतःचंच नाव पुढे करतात. गाव ओळखतं आणि त्याला खुशाल बसवून ठेवतं. एका आठवीतल्या मुलीनं मात्र हे काम असं केलं की मी बघत राहिलो. तिनं पहिल्या दिवशी एका कोल्ह्यावर अगदी योग्य संशय घेतला आणि दुसऱ्या दिवशी कारण न देता तो मागे घेतला. ‘काल तर त्याचं नाव घेत होतीस, आज काय झालं गं?’ असं कुणीतरी विचारलं. ती म्हणाली, ‘काही नाही, मला तसं वाटलं होतं,’ आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली. बास, तेवढंच. गावानं एकमतानं सापळा तिच्या दारात लावला. तिनं चिठ्ठी उलगडून दाखवली तेव्हा जो गलका झाला, त्यात पत्र्यावरचा पाऊसही ऐकू येईना.

त्यानंतरच्या डावांत मुलांचे प्रश्नच बदलले. ‘तो अडखळला’ एवढं पुरेसं राहिलं नाही. अडखळला तो घाबरून, की धरलं जावं म्हणून? हा प्रश्न आला की पुढचा येतोच: त्यानं काल मत कुणाला दिलं, त्याच्या बोलण्यानं फायदा कुणाचा झाला? तिसरा पक्ष वागणं आणि दोष यांची गाठ सोडवतो. त्याचं खरं काम हे आहे, चव वाढवणं नव्हे.

म्हणून तिसरी भूमिका निवडताना मी एकच गोष्ट पाहतो: जिंकण्यासाठी तिला बोलावं लागतं का? ‘पाहुणा’ ही चिठ्ठी मी टाकून दिली. शेवटपर्यंत टिकला की तो जिंकतो, मग कोणीही जिंको. असा खेळाडू कोपऱ्यात गप्प बसतो, आणि मला नेमकं तेच नको आहे. ‘बिबट्या’ मुलांचा लाडका. तो एकटा, कोंबड्याही नेतो आणि कोल्हेही. सगळे संपून तो उरला तर जिंकला. पण त्यानं खेळ आखूड होतो. 15 मुलांत रात्री एक आणि दिवसा एक बाद झाला तर तीन दिवसांनी 9 उरतात. बिबट्या असेल तर 6. आधी बाद झालेल्या मुलांना बसून राहावं लागतं, म्हणून तो फक्त मोठ्या गटात. इटालियन एमिलियानो स्कियारा यांनी 2002च्या ‘बँग!’ या पत्त्यांच्या खेळात असाच एकांडा फितूर ठेवला आहे, पण त्याला शेरीफला अगदी शेवटपर्यंत जगवावं लागतं. आधीच शेरीफ मेला तर तो हरतो. ज्याला मारायचं त्यालाच सांभाळायचं, ही रचना मला फार हुशारीची वाटते.

सोंगाड्या जिंकला तरी डाव मी थांबवत नाही. तो जिंकून बाजूला होतो, बाकीचे खेळत राहतात. ‘टाउन ऑफ सेलम’ या संगणकावरच्या खेळात असा विदूषक आपल्याविरुद्ध मत देणाऱ्यांपैकी एकाला पुढच्या रात्री सोबत घेऊन जातो. मी त्याची धार कमी केली: ज्यांनी मत दिलं त्यांच्यापैकी एकाचं दुसऱ्या दिवशीचं मत सोंगाड्या काढून घेतो. घाईनं हात वर करण्याची किंमत मुलांना कळते.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल मी हट्टी आहे. फ्रान्समध्ये 2001 साली निघालेल्या लांडग्यांच्या प्रसिद्ध संचात चेटकीण आहे, तीही गावाच्या बाजूची, औषध देणारी. तरीही ती चिठ्ठी माझ्या डब्यात नाही. आमच्यासारख्या डोंगरी भागांत भुताळीण ठरवून बाईला छळल्याची उदाहरणं ही जुनी दंतकथा नाही. कुणावर करणीचा आळ घेऊन त्याचं जगणं मुश्किल करणं हा 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. गाव गोल बसून, चेहरा बघून एकाला दोषी ठरवतं, असा हा खेळ. त्यात ते नाव मुलांच्या तोंडी बसू देणं मला मान्य नाही.

शिबिरात, सहलीत, लग्नघरी हा खेळ घेणार असाल तर पहिले दोन डाव साधेच होऊ द्या. गाव चेहऱ्यावरून निवाडा करायला लागलं की मग न सांगता तिसरी चिठ्ठी घाला, दहा-बारा जणांत एकच. आणि ती शक्यतो सगळ्यांत अबोल मुलाच्या हाती जाईल असं बघा. वाटताना एवढी लबाडी खेळ घेणाऱ्याला माफ आहे.