लष्करातला बिनखिळ्याचा चौरंग

ग्वाल्हेरला जाणारा प्रवासी किल्ला पाहतो, जयविलास महालातली झुंबरे पाहतो आणि गाडी पकडतो. त्याने एक दुपार लष्कर भागातल्या गल्ल्यांसाठी राखावी. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, त्यावरून या वस्तीला लष्कर नाव पडले. शिंद्यांच्या वाड्यासमोरच्या चौकाला आज सगळे 'महाराज बाडा' म्हणतात. 'व'चा 'ब' झाला, पण दारांवर मराठी आडनावे अजून सापडतात.

अशाच एका घरात देवासमोरचा सागवानी चौरंग पाहायला मिळाला. घरातल्या काकूंनी तो उलटा करून दाखवला. चार पाय, चार आडव्या पट्ट्या, आणि खिळा एकही नाही! पायात चौकोनी खाच, पट्टीच्या टोकाला त्यात बसणारी जीभ. आपल्याकडचे जुने सुतार या जिभेला कुसू म्हणतात. तिथला सुतार तिला 'चूल' म्हणतो आणि खाचेला 'साल'. काकू दोन्ही शब्द वापरतात. समोर कोण आहे त्यावर ठरते.

ग्वाल्हेरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, जानेवारीत थंडी हाडे गोठवते, मधे पावसाळा. लाकूड या फेऱ्यात आडवे फुगते आणि आकसते. लांबीत जवळजवळ नाहीच. खिळा हे सोसत नाही. तो गंजतो, नाहीतर लाकूड चिरतो. कुसवाचा सांधा मात्र लाकडाबरोबर हलतो. त्याची खुबी खुंटीत आहे. पायातले भोक आणि कुसवाचे भोक नेमके समोरासमोर पाडत नाहीत. कुसवाचे भोक केसभर पट्टीच्या बाजूला घेतात. मग लाकडी खुंटी ठोकली की ती पट्टीला पायाकडे ओढून धरते. सरस लावलेला नसेल तर हीच खुंटी काढून चौरंग सुटा करता येतो आणि बिघडलेली एकच पट्टी बदलता येते. बाजारातल्या भुश्शाच्या फळीच्या टेबलाला ही सोय कुठली?

जुने घर पाडताना वासे, तुळया वजनावर विकून टाकायची घाई होते. ग्वाल्हेरात होते, आपल्याकडेही होते. विकण्याआधी दोन वासे बाजूला काढावेत. मुरलेले लाकूड नव्याइतके हलत नाही. त्यातले जुने खिळे मात्र आधी उपटावेत, नाहीतर रंध्याचे पाते गेलेच समजा.

चौरंगाला आठ सांधे लागतात. गुण्या, खतावणी, बारीक दातांची करवत, पटाशी आणि लाकडी हातोडा एवढी हत्यारे पुरतात. कुसवाची जाडी लाकडाच्या साधारण एक तृतीयांश ठेवावी. आधी खाच पाडावी, मग तिच्या मापाने कुसू कापून पटाशीने थोडेथोडे तासावे. हाताच्या दाबाने शिरले आणि शेवटी हातोड्याची एखादी टिचकी लागली, की माप बरोबर. काकूंच्या चौरंगाची एक खुंटी सैल झाली होती. ती बदलायला सुताराला तासभरही लागणार नव्हता.