बोलपट आला आणि हिरो झोपला

माझ्या हिंदीत कोकण आहे. शाळा रत्नागिरीत झाली, आणि तिथे हिंदी म्हणजे पेपरात मार्क मिळवायची भाषा. नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात टीमच्या कॉलवर बोलून गेलो, "सर्व्हर क्यों पडा, बघता हूँ." सगळे हसले. ते 'बघता हूँ' पुढे दोन वर्षं मला चिकटलं. मग मी म्यूट राहायला शिकलो. उत्तर माहीत असलं तरी गुपचूप टाईप करायचो.

म्हणून मास्टर विठ्ठल मला जवळचा वाटतो.

१४ मार्च १९३१ ला गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. भारतातला पहिला बोलपट! त्याचा नायक हा मराठी गडी. लहानपणी राजापूरकर नाटक मंडळीत कामं केली (नावात आपल्या जिल्ह्यातलं राजापूर बघून मला उगाच भारी वाटलं), मग कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. तिथे छोट्या भूमिका करता करता फिल्म जोडण्या-कापण्याचं कामही केलं. पुढे मुंबईत शारदा कंपनीच्या 'रतन मंजरी'त (१९२६) नायक झाला, आणि मग काय, तलवारबाजी, उड्या, मारामाऱ्या! लोक त्याला भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणायचे. तलवार फिरवायला शुद्ध उच्चार कशाला लागतात?

इम्पिरियलच्या अर्देशीर इराणींनी 'आलम आरा'साठी बोलावलं तेव्हा तो शारदाशी करारात होता. तरी गेला. शारदाने कोर्टात खेचलं. विठ्ठलची बाजू लढवली कोणी? बॅरिस्टर महंमद अली जिनांनी! आणि जिंकलेसुद्धा. ज्या भूमिकेसाठी आधी मेहबूब खानचा विचार झाला होता, ती अशी विठ्ठलकडे आली.

आता खरी गंमत. स्टुडिओ रेल्वे रुळांजवळ, त्यामुळे गाड्यांचा आवाज नको म्हणून शूटिंग रात्री उशिरा. गाड्या थांबल्या, पण हिरोच्या हिंदुस्तानीचं काय करायचं? ती काही जमेना. तेव्हा युक्ती काढली, असं सांगतात, की सिनेमाभर त्याला बराचसा वेळ झोपेत नाहीतर गुंगीत दाखवायचं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खो खो हसलो. मग एकदम थांबलो. कोर्टात भांडून मिळवलेला हिरो, आणि त्यालाच म्यूट केला की!

विठ्ठल काही लगेच संपला नाही. काम करत राहिला, दिग्दर्शनही केलं. पण भूमिका लहान लहान होत गेल्या. १९६९ मध्ये गेला.

'आलम आरा'ची एकही प्रिंट आज शिल्लक नाही. थोडे फोटो आहेत, जाहिराती आहेत. त्याचं हिंदी खरंच इतकं वाईट होतं का, ते आता कोणालाच ऐकता येणार नाही.