नळाचा खड्डा

"नळ आले!" ही हाक गल्लीच्या खालच्या टोकाकडून यायची. लातुरात वाढलेल्या आमच्या पिढीला उठायला कधी घड्याळ लागलं नाही. आजी माळवदावर झोपलेल्या आम्हा चुलतभावंडांची पांघरुणं ओढायची आणि हंडे-घागरींची रांग अंगणातल्या खड्ड्यापाशी लागायची.

हो, खड्ड्यापाशीच. आमचा नळ भिंतीला नव्हता, जमिनीत होता. कंबरभर खोल, तीन पायऱ्यांचा खड्डा आणि तळाशी पितळी तोटी. पाहुण्यांना हसू यायचं. पण आमचं घर चढावर. पाणी आधी खालच्या गल्ल्या भरायचं आणि आमच्याकडे येईस्तोवर त्याचा जोर सरायचा. टाकी दहा मीटर उंच असेल, तर तळाशी दाब मिळतो जेमतेम एक किलोचा, हे शाळेत फार उशिरा कळलं. काकांनी तो धडा आधीच कुदळीने गिरवला होता: पाणी वर येईना, तर तोटी खाली न्यायची. एका उन्हाळ्यात ती आणखी वीतभर खाली गेली.

खड्ड्यात उतरायचा मान सगळ्यात धाकट्याचा. आधी तोटी फुसफुसायची, मग गढूळ पाणी यायचं, ते सड्याला. निवळ पाणी रांजणात. भरलेल्या घागरी वर ओढायच्या त्या आई आणि काकूने. आम्हाला तो खेळ वाटे. त्यांच्या कमरेला काय वाटत होतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

तोटी गळू लागली की काका जुन्या चपलेच्या तळव्यातून वायसर कापायचे. सांध्याला सफेदा लावून ताग गुंडाळायचा, तोही आवळायच्या दिशेनेच. उलटा गुंडाळला तर आवळताना निसटतो. पाना आमच्या हाती देऊन ते बजावायचे, "जास्ती आवळू नको, आटे जातील." पुढे कुणीतरी थेट नळाला टिल्लू मोटर लावली. मग आमची तोटी पाणी द्यायचं सोडून हवा ओढू लागली. तळहात ठेवला तर चिकटायचा! एकाची मोटर असं ओढते तेव्हा सैल सांध्यांतून नालीचं पाणीही आत शिरतं. पाण्याला वास का येतो, यावरून झालेल्या भांडणांचं उत्तर त्या चिकटलेल्या तळहातात होतं.

आजोळ नांदेडचं. तिथे गोदावरी, वाड्यात आड. पाण्यासाठी असं झगडावं लागत नसे. तिथल्या आजीची काळजी दुसरीच: न्हाणीतलं पाणी जातं कुठं? ते मोरीतून नालीत, नालीतून रस्त्यावर, आणि संध्याकाळी डासांच्या रूपाने परत घरात. पुढे नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन सांडपाणी जमिनीत मुरवलं, डास हटवले. त्याला 'नांदेड पॅटर्न' म्हणू लागले. ते वाचलं तेव्हा मामेभावंडांना फोन केला. आमचा खड्डा पाणी मिळवायला, त्यांच्याकडचा पाणी जिरवायला!

आता लातूरच्या घरी जमिनीखाली हौद आहे, गच्चीवर टाकी आहे, पाईप भिंतीत गेलेत. खड्डा बुजवून त्यावर फरशी बसवली आहे. पण कुठल्या फरशीखाली सांधा आहे, हे आम्ही भावंडं अजून डोळे मिटून सांगू.

खड्डा बुजण्याआधीचा शेवटचा मोठा उन्हाळा 2016 चा. मांजरा आटली, धनेगावचं धरण कोरडं पडलं, नळांना महिनोन् महिने पाणी नव्हतं. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली: 10 वाघिणी, 5 लाख लिटर. पुढे 50 वाघिणींच्या गाडीतून एका खेपेला 25 लाख लिटर येऊ लागलं. कृष्णाकाठचं पाणी तीनशेहून अधिक किलोमीटर लोखंडात बसून येत होतं.

त्याच आठवड्यात आम्ही घरी गेलो, तर काका कमरेत वाकून खड्ड्यात उतरलेले. सत्तरी उलटलेली, हातात पाना. कोरडी तोटी खोलून नवं वायसर बसवत होते.

"काका, पाणी कुठंय?"

"येईल तवा गळायला नको," ते म्हणाले आणि पाना आमच्या हाती द्यायला वर हात केला.