निरंक अहवाल आणि छायाचित्र

प्रशासनात छायाचित्राकडे आपण पुरावा म्हणून पाहतो. काम सुरू होण्यापूर्वीचे, चालू असतानाचे आणि पूर्ण झाल्यावरचे अशी तीन छायाचित्रे जोडली की देयकाची नस्ती पुढे सरकते. परंतु छायाचित्रात माणूस असेल, तर ते कशाचा पुरावा मानावे? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी चेन्नईचे उदाहरण उद्बोधक आहे, कारण शासन आणि कॅमेरा यांचा संबंध तेथे फार जुना आहे.

मद्रास सरकारने १८५६ मध्ये लिनियस ट्राइप या लष्करी अधिकाऱ्याची शासकीय छायाचित्रकार म्हणून नेमणूक केली. त्याने मदुरै, तंजावर येथील मंदिरांची अप्रतिम छायाचित्रे घेतली. भोसल्यांचे राज्य नुकतेच संपलेल्या तंजावरात त्याने बृहदीश्वर मंदिराच्या पायावरील शिलालेख टिपले आणि ती छायाचित्रे जोडून सुमारे १९ फूट लांबीची पट्टी तयार केली. १८५९ मध्ये आलेले गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांना मात्र हा खर्च चैनीचा वाटला आणि ते काम बंद पडले. काटकसरीची पहिली कुऱ्हाड कोठे पडते, हे प्रशासनातील वाचकांना सांगावयास नको.

पुढे शासनाचा कॅमेरा दगडांकडून माणसांकडे वळला. एडगर थर्स्टन १८८५ ते १९०८ या काळात एगमोर येथील शासकीय संग्रहालयाचे अधीक्षक होते. मोजमापाची उपकरणे आणि कॅमेरा घेऊन त्यांनी दक्षिणेतील जातीजमातींची नोंद केली. के. रंगाचारी यांच्या साहाय्याने सिद्ध झालेले त्यांचे सात खंड १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. परिश्रम अफाट होते. पण त्यातील चेहऱ्यांखाली बहुधा जमातीचे नाव आढळते, माणसाचे नाही. शासनाला नमुना हवा होता, तो मिळाला.

याच चेन्नईत आज एम. पलानी कुमार हे छायाचित्रकार काम करतात. ते मासे विकणाऱ्या आईचे पुत्र. गटारांत व मलकुंडांत उतरणारे सफाई कामगार आणि त्यात मृत्यू पावलेल्यांची कुटुंबे हा त्यांच्या छायाचित्रांचा प्रमुख विषय आहे. त्यांच्या कामात मृताला नाव असते, घर असते, मागे राहिलेली माणसे असतात.

येथे प्रश्न केवळ कलेचा राहत नाही. हाताने मैला साफ करण्यास १९९३ च्या आणि पुन्हा २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारातील मृत्यूबद्दल दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख करण्यात आली. परंतु भरपाई मिळण्यासाठी मृत्यूची तशी नोंद व्हावी लागते. माझ्या सेवाकाळात या विषयावरील विवरणपत्रात ‘निरंक’ एवढाच शब्द लिहिलेला मी अनेकदा वाचला आहे. कायद्याने जे नाही ते प्रत्यक्षातही नाही, असे मानणे कार्यालयाच्या सोयीचे असते. त्या एका शब्दाने एखाद्या विधवेचा हक्क बुडू शकतो.

निरंक अहवालाला उत्तर देण्याचे सामर्थ्य अशा छायाचित्रात आहे. म्हणून नस्तीला माणसाचे छायाचित्र जोडताना त्याची संमती घ्यावी आणि खाली ‘लाभार्थी’ असे न लिहिता त्याचे नाव लिहावे, एवढी अपेक्षा मी सहकाऱ्यांकडून करतो. त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही.